अर्ध्या वाटेवरचा घास

गोल्फचा अठरा होलांचा राउंड पायी खेळला तर साधारण चार तास जातात आणि आठ-दहा किलोमीटरची चाल होते. नऊ होल झाले की, कुठे दहा झाले की, वाटेत एखादी खोली, टपरी किंवा नुसती खिडकी लागते. तिला हाफवे हाउस म्हणतात. इंग्लंडमधल्या सनिंगडेल क्लबाच्या जुन्या कोर्सवर दहाव्या होलनंतरची टपरी सॉसेज सँडविचसाठी नावाजलेली आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या ऑलिंपिक क्लबात हॉट डॉगच्या लांबट पावात बसवलेला बर्गर मिळतो. दक्षिण आफ्रिकेत हा थांबा इतका अंगवळणी पडला आहे की न थांबता पुढे जाणारा माणूसच विक्षिप्त वाटावा. जपानमध्ये तर नऊ होल खेळायचे, क्लबहाउसमध्ये बसून पाऊण-एक तास गरम जेवण घ्यायचे आणि मग उरलेले नऊ खेळायचे, ही सर्रास रीत आहे. वरवर पाहता यात तत्त्वज्ञानाने लक्ष घालावे असे काही नाही. माणसे चालली, भूक लागली, खाल्ले. पण गोल्फ खेळायला माणूस जातो तोच मुळी विरंगुळा म्हणून. कामातून विश्रांती घेणे समजते. विश्रांतीतून विश्रांती घेणे ही काय भानगड आहे? खेळाने माणूस ताजातवाना होत असेल तर खेळाच्या मध्यावर त्याला पुन्हा ताजेतवाने होण्याची गरज का पडावी? आणि पडत असेल, तर आपण ज्याला विश्रांती समजत होतो ती विश्रांती होती का?

गोल्फ ज्या देशात वाढला त्या स्कॉटलंडने विश्रांतीचा प्रश्न फार गंभीरपणे घेतला होता. 1457 मध्ये दुसऱ्या जेम्स राजाच्या संसदेने गोल्फवर बंदी घातली तिचा धर्माशी संबंध नव्हता. तरुण मंडळी धनुर्विद्येचा सराव सोडून चेंडूच्या मागे लागतात, एवढीच तक्रार होती. धर्मसुधारणेनंतर तक्रारीचा रोख बदलला. 1592 मध्ये एडिंबराच्या नगर परिषदेने रविवारी ज्या करमणुकींना मनाई केली त्यांत गोल्फचे नाव आहे. 1604 मध्ये पर्थ गावात प्रवचनाच्या वेळी गोल्फ खेळताना सापडलेल्यांना दंड झाला आणि सगळ्या मंडळीसमोर पश्चात्तापाच्या स्टुलावर बसावे लागले. चर्चचे तर्कशास्त्र सरळ होते. सहा दिवस काम आणि सातवा दिवस विश्रांती. काम माणसाचे, विश्रांती देवाची. यात तिसरा कप्पा नव्हता. खेळ हा कामाच्या वेळात आला तर आळस आणि विश्रांतीच्या वेळात आला तर चोरी. सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स आजही एरवी रविवारी बंद असतो, पण त्याचे समर्थन आता वेगळे केले जाते. तिथले एकोणिसाव्या शतकातले विख्यात देखभालदार ओल्ड टॉम मॉरिस म्हणत असत, असे सांगतात, की खेळाडूंना विश्रांती नको असली तरी जमिनीला हवी असते. धर्माज्ञा हरळीकडे वर्ग झाली, असे म्हणायला हरकत नाही. त्याच कोर्सवरच्या चौथ्या होलचे नाव ‘जिंजर बिअर’ आहे. पूर्वी हिरवळीची निगा राखणारे डेव्हिड अँडरसन एकोणिसाव्या शतकात म्हातारपणी जिंजर बिअरची गाडी लावत, त्यावरून हे नाव पडले. ज्या खेळावर विश्रांतीचा दिवस चोरल्याचा आरोप होता, त्या खेळाच्या पोटात स्वतःची एक विश्रांती तयार होत होती.

या विश्रांतीचा अर्थ लावायचा तर कोर्सची आखणी पाहावी लागते. ओल्ड कोर्सवर पूर्वी बावीस होल खेळले जात. 1764 मध्ये त्यांचे अठरा झाले आणि पुढे तोच आकडा जगभर रूढ झाला. ही आखणी जाऊन-येऊन अशी आहे. खेळाडू गावापासून निघतो, समुद्रकाठच्या जमिनीच्या पार टोकाला पोहोचतो आणि परत फिरतो. नववा होल त्या टोकाच्या भागात आहे आणि त्याचे नावच ‘एंड’ आहे. इथे खेळ अर्ध्यावर सोडला तरी पायपीट सुटत नाही, कारण घर तेवढेच लांब असते. एडिंबराजवळच्या मुरफील्डची आखणी वेगळी आहे. 1891 मध्ये सुरू झालेल्या या कोर्सवर आज नऊ-नऊ होलांची दोन वर्तुळे आहेत आणि पहिले वर्तुळ क्लबहाउसपाशी येऊन मिटते. जगातल्या असंख्य कोर्सनी हीच दुसरी पद्धत उचलली आहे. अशा ठिकाणी नवव्या होलनंतर माणूस अक्षरशः घराच्या दारात उभा असतो. गाडी समोर उभी आहे, बूट काढले की संपले. नऊ होलांवर थांबण्यात अप्रतिष्ठाही नाही. 2020 पासून लागू झालेली जागतिक हँडिकॅप पद्धत नऊ होलांचा स्कोअरसुद्धा हिशेबात धरते. तरीही बहुतेक माणसे खाऊन-पिऊन उठतात आणि दहाव्या टीकडे, म्हणजे दहावा होल जिथून सुरू होतो त्या जागेकडे, चालू लागतात. माझे म्हणणे या उठण्याबद्दल आहे. पहिल्या टीवर माणूस उत्साहाने येतो. दुसऱ्या होलपासून नवव्यापर्यंत तो ओघाने जातो, कारण एका ग्रीनवरून पुढच्या टीकडे पाय आपोआप वळतात. मध्ये बसल्यावर ओघ तुटतो. आता पुढे जायचे तर ते ठरवून जावे लागते, आणि या वेळी खेळ किती दमवतो, आज आपला हात कसा चालला आहे, कार्डावर काय लिहिले गेले आहे, हे सगळे ठाऊक असते. सकाळची संमती अज्ञानातली असते, ही माहितीतली. अर्ध्यावरच्या थांब्याचे खरे काम खेळाला ही दुसरी संमती मिळवून देणे हे आहे, आणि भूक भागणे हा त्यातला दुय्यम लाभ.

बर्नार्ड सूट्स या तत्त्वज्ञाने 1978 च्या ‘द ग्रासहॉपर’ या पुस्तकात खेळाची व्याख्या करताना गोल्फचेच उदाहरण घेतले होते. चेंडू खळग्यात जावा एवढेच हवे असेल तर तो हाताने नेऊन टाकणे सर्वांत सोपे. खेळाडू ते करत नाही. गरज नसलेले अडथळे तो आपणहून स्वीकारतो, आणि या स्वीकारण्यामुळेच खेळ उभा राहतो. मला या व्याख्येत एक भर घालावीशी वाटते. आपणहून स्वीकारलेली गोष्ट चार तास आपणहून राहत नाही. ती सवय होते, मग चिंता होते, आणि पटिंगचे तीन फटके वाया गेले की चक्क शिक्षा होते. विरंगुळ्याला विश्रांती का लागते याचे उत्तर इथे आहे. खेळता खेळता खेळाचे काम झालेले असते. थांबल्यावर ते पुन्हा खेळ होऊ शकते. कोणी म्हणेल, हाफवे हाउसमध्ये बसून असले विचार करतो कोण? तिथे माणसे सँडविच खातात, शेअर बाजारावर बोलतात आणि शेजाऱ्याच्या हुकलेल्या फटक्याची टर उडवतात. हे खरे आहे. पण रूढीचा अर्थ प्रत्येकाच्या मनात त्या क्षणी काय चालले आहे यावर ठरत नाही. लग्नात अंतरपाट दूर होताना वधूवर काय विचार करत असतील कोण जाणे. म्हणून अंतरपाट निरर्थक ठरत नाही.

गोल्फचे नियम या थांब्याकडे कसे पाहतात तेही बोलके आहे. 2019 पासून लागू असलेल्या नियमावलीतला 5.6 हा नियम विनाकारण रेंगाळण्याविरुद्ध आहे: पहिल्या चुकीला एक स्ट्रोकचा दंड, दुसरीला मोठा दंड, तिसरीला थेट बाद. याच नियमाच्या स्पष्टीकरणात म्हटले आहे की खाण्यापिण्यासाठी हाफवे हाउसपाशी थोडा वेळ थांबणे हे रेंगाळणे नव्हे. समितीने सवलत दिलेली नसताना काही मिनिटांच्या पुढे थांबणे मात्र रेंगाळणे होय. म्हणजे थांबण्याला जागा आहे, पण राउंड चालूच आहे. खुर्चीवर बसलेला खेळाडू प्रतिस्पर्ध्याला ‘दहाव्याला कोणती क्लब घेऊ’ असे विचारू शकत नाही. सल्ल्याचा नियम तिथेही त्याला बांधतो. चिपिंग-पटिंगपलीकडे सराव करता येत नाही. चौदा क्लब घेऊन निघाला असेल तर पंधरावी घालता येत नाही. कार्डावरचे आकडे तसेच आहेत. आपल्याकडे एकादशीचा फराळ आणि द्वादशीचे पारणे या दोन खाण्यांत जो फरक आहे, तोच इथे आहे. पारण्याने उपवास सुटतो. फराळाने सुटत नाही, तो उपवासातच बसतो. हाफवे हाउसमधला घास फराळाच्या जातीचा आहे. उत्पत्तीच्या पुस्तकातला देव सातव्या दिवशी विसावतो तो सगळी निर्मिती पुरी करून, म्हणजे पारण्याच्या पद्धतीने, आणि स्कॉटिश चर्चला विश्रांतीचा तेवढाच एक नमुना दिसला. माणसाला तो जपून वापरावा लागतो, कारण काम पुरे झाले असे म्हणायचा प्रसंग त्याच्यावर फार क्वचित येतो.

पण ज्या परंपरेतून ते चर्च फुटून निघाले तिच्यात दुसरा नमुनाही होता. ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात, मध्य उलटताना, चौथा रविवार येतो. त्या दिवशी चर्चमधली जांभळी वस्त्रे गुलाबी होतात, वेदीवर फुले येतात, ऑर्गनला मोकळीक मिळते. इंग्लंडमध्ये या रविवारी सिमनेल केक खायची चाल आहे आणि त्याला रिफ्रेशमेंट संडे म्हणतात. अँग्लिकन प्रार्थनापुस्तकात त्या दिवशीचे वाचन योहानाच्या सहाव्या अध्यायातले आहे: जवाच्या पाच भाकरी, दोन मासळ्या आणि पाच हजारांचा जमाव. त्या जागी भरपूर गवत होते आणि लोकांना त्यावर बसवले, असा बारीकसा तपशील योहानाने नोंदवला आहे. गोल्फवाल्यांनी तो उचलून धरायला हवा होता. उपवास संपलेला नसतो. सोमवारी तो पुढे चालू होतो आणि पुढचा टप्पा, शुभ शुक्रवारपर्यंतचा, आधीपेक्षा जड असतो. 1560 नंतरच्या स्कॉटलंडने हे ठरीव उपवास अंधश्रद्धा म्हणून काढून टाकले आणि त्यांच्याबरोबर हा मधला रविवारही गेला. एलियाची कथा आणखी उघड बोलते. जीव वाचवायला पळालेला हा संदेष्टा रानात एका झुडपाखाली बसतो आणि मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचे मडके पुढे ठेवतो, झोपू देतो, पुन्हा उठवतो, पुन्हा खायला लावतो. पुढची वाट तुला झेपणारी नाही, एवढेच सांगतो. मग एलिया चाळीस दिवस चालतो. भाकरीआधी तो पळत होता, भाकरीनंतर तो जात आहे. पायांखालचे वाळवंट तेच आहे. बदलली ती संमती.

आणि मध्यावर खाल्ल्याबद्दल सगळ्यांत कडक ठपका ज्याच्यावर आला तो तर आपल्याच भूमीवरचा. मज्झिमनिकायातल्या महासच्चक सुत्तात बुद्ध स्वतः सांगतात की देह झिजवणाऱ्या तपाने काही साधत नाही असे दिसल्यावर त्यांनी भात आणि कुल्माष हे जाडेभरडे अन्न घेतले. सुजातेची खीर नंतरच्या निदानकथेत येते. लोकांच्या मनात मात्र तीच राहिली. तपातले पाचही सोबती त्यांना सोडून गेले: गौतम चैनी झाला, त्याने प्रयत्न टाकला. त्या पाचांची चूक नेमकी कुठे होती? खाणे म्हणजे सोडणे, असे त्यांनी धरले. फराळाला ते पारणे समजले. नैरंजनेच्या काठी त्या अन्नानंतर जे बसणे झाले ते आधीच्या तपाहून अधिक निश्चयाचे होते, पण ते पाहायला पाचांपैकी कोणी थांबले नव्हते.

आता आक्षेप. ॲरिस्टॉटल म्हणेल, यात एवढे गूढ काही नाही. माणूस सतत श्रम करू शकत नाही म्हणून विसावतो. विसावा हे साध्य नसून पुढच्या कृतीचे साधन आहे. मग खिशातले केळे चालता चालता खाल्ले तरी काम होते, बसायचे कशाला? व्यावसायिक स्पर्धांतले गोल्फपटू अगदी हेच करतात: फेअरवेवरून चालताना केळे, सुकामेवा, सँडविचचा तुकडा, आणि पुढचा फटका. मला वाटते ॲरिस्टॉटलचे म्हणणे त्यांना चपखल बसते, आणि म्हणूनच आपल्या मुद्द्याला बाध येत नाही. त्यांनी दहाव्या टीकडे जायचे की नाही हा प्रश्नच नसतो. करार, बक्षिसाची रक्कम आणि क्रमवारी यांनी तो आधीच सोडवलेला असतो. दुसऱ्या संमतीला जिथे जागा नाही तिथे इंधन पुरे. ऑगस्टीनचा आक्षेप अधिक टोचणारा आहे. ‘कन्फेशन्स’च्या दहाव्या भागात तो म्हणतो की अन्न औषधासारखे घ्यावे हे कळते, पण भुकेकडून तृप्तीकडे जाताना सुखाचा सापळा लागतो, आणि देहाला खरोखर हवे आहे की जीभ फसवते आहे हे ठरवता येत नाही, ते ठरत नाही याचाच मनाला आनंद होतो, कारण सबब मिळते. आपल्या ‘एकादशी, दुप्पट खाशी’ या म्हणीने हेच ओळखले आहे. इथे मी माघार घेतो, पण अर्धीच. हाफवे हाउसमध्ये जे खपते त्याचा गरजेशी संबंध पातळ असतो आणि दुसऱ्या बिअरचा तर मुळीच नसतो. तरी सबबीचा सापळा थांब्याला असतो तितकाच न थांबण्यालाही असतो. मी थांबत नाही, मला गरज नाही, ही प्रौढी पाच सोबत्यांचीही होती.

तिसरा आक्षेप एकाग्रतेचा. शरीर गरम झालेले असते, लय लागलेली असते. बसले की अंग आखडते, पोट जड होते, आणि दहावा होल हातचा जातो. जपानमध्येही मधल्या जेवणावर नाराज होऊन अठरा होल सलग खेळू पाहणारे लोक आहेत. गीतेच्या सहाव्या अध्यायात योग्याचा आहार-विहार बेताचा असावा असे सांगितले आहे आणि अजिबात न खाणाऱ्यालाही योगाबाहेर ठेवले आहे, पण तेवढ्यावर हा आक्षेप निकाली काढणे लबाडीचे होईल. बेताने खाणे वेगळे आणि मध्येच उठून खाणे वेगळे. हा आक्षेप मी मान्यच करतो. थांब्याने स्कोअर सुधारतो असा माझा दावा नाही आणि स्कोअर हीच कसोटी असेल तर थांबू नये. मला एवढेच विचारायचे आहे की लागलेली लय कोणाची असते. तंद्रीतला माणूस उत्तम खेळतो, पण तो खेळतो आहे की खेळ त्याला खेळवतो आहे हे त्याला सांगता येणार नाही. थांबल्यावर हे उत्तर मिळते. दहाव्या होलवर एखादा स्ट्रोक जादा गेला तर ती त्या उत्तराची किंमत आहे, आणि ती मला फार वाटत नाही.

खरा अवघड आक्षेप न्यायाचा आहे. क्रिकेटमध्ये चहापान झाले की मैदानावरचे सगळे खेळाडू आणि पंच बाहेर जातात; कोणाची विश्रांती कोणाच्या वेळातून कापली जात नाही. गोल्फमध्ये मागून दुसरे चौघे येत असतात. आपण सँडविचची वाट पाहतो तेव्हा ते नवव्या फेअरवेवर कमरेवर हात ठेवून उभे असतात. म्हणून थांबा सर्वांना सारखा आणि वेळापत्रकात धरलेला असेल तरच तो निर्दोष म्हणता येतो, आणि या बाबतीत जपानी पद्धत, कितीही लांबलचक वाटली तरी, इतरांपेक्षा सरळ आहे: तिथे पुढचेही जेवतात आणि मागचेही. पण रांगेत मागे नसलेला आणखी एक माणूस आहे. कोलकात्यात 1829 मध्ये सुरू झालेला रॉयल कलकत्ता हा ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना गोल्फ क्लब, आणि तेव्हापासून आजतागायत भारतातला गोल्फ बहुतांशी कॅडीच्या खांद्यावर चाललेला आहे. तेवढेच अंतर तो चालतो, पिशवी घेऊन, आणि त्याने कोणतेही अनावश्यक अडथळे आपणहून स्वीकारलेले नाहीत. त्याच्यासाठी हे पहिल्या होलपासून काम आहे. दुसऱ्या संमतीचा माझा सगळा युक्तिवाद त्याच्यापाशी येऊन थांबतो. नवव्यानंतर घरी जायची मुभा त्याला नाही, आणि गेला तर मजुरी जाते. त्याच्या बाबतीत ॲरिस्टॉटल पुरेसा आहे: दमलेल्याला बसायला हवे. बायबलातल्या अनुवादाच्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात शब्बाथाची आज्ञा दिली आहे ती मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव आणि दारातला परका यांची नावे घेत, आणि कारणही दिले आहे: तुझ्याप्रमाणे तुझ्या दास-दासींनाही विसावा मिळावा, तू स्वतः मिसरात दास होतास. सुट्टीच्या दिवशी गोल्फ खेळणाऱ्यांना स्टुलावर बसवणाऱ्या चर्चने हे वाक्य नक्कीच वाचले होते. खेळाडू सावलीत बसलेला आणि कॅडी पिशव्यांपाशी उभा, असा थांबा त्या आज्ञेच्या उलटा आहे, मग तो नियम 5.6 मध्ये कितीही नीट बसो. यावर उपाय म्हणून खेळाडूने जाता जाता कॅडीला समोसा द्यावा, असे सुचवले जाईल. ते पुरेसे नाही, कारण मर्जीने दिलेला समोसा मर्जीने थांबतो. कॅडीचा चहा-नाश्ता राउंडच्या शुल्कातच धरलेला असावा आणि बसायची मिनिटे दोघांची एकच असावीत. ज्या क्लबाला हे परवडत नाही त्याने हाफवे हाउसला कुलूप घालून सभासदांना केळी वाटावीत.